सोरेन नावाचा बर्गर

ड्युलुथ या उत्तरेकडच्या थंड बंदरगावात एप्रिलात आकाशातून जे पडतं त्याला कोणी पाऊस म्हणत नाही आणि बर्फही म्हणत नाही. नुसतं "पडतंय" म्हणतात आणि टोपी खाली ओढतात. अशाच एका दुपारी मार्नी कोस्केला गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शाकाहारी कॅफेत पहिल्यांदा शिरली. ती प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होती. सकाळी एका मांजरानं तिला यथेच्छ बोचकारलं होतं आणि घरी जाऊन काही रांधायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

फळ्यावर पहिलंच नाव होतं, 'सोरेन – बीट-अक्रोडाचा बर्गर'.

"एक सोरेन," ती म्हणाली.

रांगेत मागे उभा असलेला उंच माणूस खाकरला. "सूप..." तो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला, "सूपसुद्धा बरं असतं म्हणे."

ड्युलुथमध्ये अनोळखी माणसाला याहून कडक इशारा देत नाहीत. मार्नी इथेच वाढलेली, तिला तो कळायला हवा होता. पण भूक लागली होती.

ताटली हातात येईपर्यंत रिकामी खुर्ची एकच उरली होती, नेमकी त्या माणसासमोर. मार्नीनं पहिला घास घेतला. ओल्या पुठ्ठ्याची कोणीतरी गोड बोलून समजूत काढावी, तशी चव होती. समोरून मोहरीच्या सॉसची बाटली हळूच तिच्याकडे सरकली.

"किती घालू?"

"बर्गर दिसेनासा होईपर्यंत."

तिनं मान वर केली. त्याचे डोळे एप्रिलातल्या तळ्यासारखे करडे होते आणि त्यातलं हसू त्याला लपवता येत नव्हतं.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. ज्युनिपर मूळची कॅलिफोर्नियाची. तिकडे माणसं मनातलं तोंडावर बोलतात, आणि सगळीकडेच तसं असतं असा तिचा समज. तिनं त्याच्यापुढे ताटली ठेवली. "घे रे राजा. सोरेनसाठी सोरेन! आवडतो ना अजून?"

"खूप," तो म्हणाला.

ती गेल्यावर मार्नीनं खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या नावाचा आहे हा?"

"कॅफे उघडलं त्या दिवशी तिनं चाखायला दिला. मी संपवला."

"सगळा?"

"टाकणं बरं दिसत नाही. पुढच्या गुरुवारी येतो तर फळ्यावर माझं नाव."

"मग दुसरं काही मागवायचं!"

"एकदा सूप मागवलं. तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला."

मार्नी इतकी हसली की मोहरी नाकात गेली. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. दर गुरुवारी सोरेन येत होता आणि सोरेन खात होता.

पुढच्या गुरुवारी मार्नीही आली. तिनं सूप घेतलं. खरोखरच बरं होतं. सोरेन बंदराच्या तोंडावरच्या उचलपुलावर कामाला होता. "जहाज भोंगा वाजवतं, आपण उलट वाजवायचा. नोकरीत एवढंच बोलायचं असतं," तो म्हणाला. बाकीचं बोलणं मग मार्नीच करी. ती बोलत असताना तो तिच्या बाहीवरचा कुत्र्याचा केस अलगद उचलून बशीच्या कडेला ठेवी. महिन्याभरात मार्नी दवाखान्यातून निघताना कपडे झटकेनाशी झाली.

जूनमध्ये, कॅफेच्या छपराखाली, त्याचा भोंगा एकदाचा वाजला. "मार्नी... तू मला आवडतेस."

"किती?"

"खूप."

मार्नी एक पाऊल मागे सरली.

"हेच तू ज्युनिपरला म्हणतोस," ती म्हणाली. "ह्याच आवाजात."

"ते वेगळं—"

"मला कसं कळणार वेगळं? दुखलंखुपलं तर मांजरसुद्धा खाणं सोडतं रे! तू खातच राहतोस. आणि पंधरा वर्षांनी मला कळायचं, मी तुझी गुरुवारची ताटली होते म्हणून!"

ती टोपी ओढून निघून गेली आणि पुढचा गुरुवार तिनं चुकवला. तो दिवस तिला घरी फार वाईट गेला. जो माणूस कशालाच नको म्हणत नाही, त्याच्या होकारावर संसार थाटता येत नाही, हे तिला पटलेलं होतं. फक्त बशीच्या कडेला ठेवलेले ते केस काही डोक्यातून जात नव्हते.

शेवटी तिनं त्याला रविवारी जेवायला बोलावलं. मसूर-बटाट्याचे थर लावून ओव्हनमध्ये भाजले, आईच्या पद्धतीनं, अगदी मनापासून. सोरेननं एक घास घेतला. बराच वेळ चावला. मग काटा खाली ठेवला.

"मार्नी, हे मला आवडलं नाही."

"काय?"

"मसूर कच्ची आहे. आणि मीठ बहुतेक दोनदा पडलंय."

मार्नीचे कान तापले. "थोडं तरी घे."

"नको."

"अरे, मधलं चांगलं असेल. घे ना."

"नको."

या गावात दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्या आग्रहाला ताट पुढे करायचं असतं. लहान मुलांनाही हे माहीत असतं. मार्नीनं डाव उचलला. "बघ हं... शेवटचं विचारते."

"नको," सोरेन म्हणाला. "खरंच नको."

तिनं स्वतः चाखून पाहिलं. मीठ दोनदाच पडलं होतं. आईच्या पाककृतीचा अपमान गिळत तिनं वर पाहिलं, तर समोरचा माणूस पुलावरून खाली पडल्यासारखा पांढरा झालेला.

"बरं वाटतंय ना तुला?"

"पहिल्यांदाच बोललो असं. कोणाशीही." त्यानं कपाळ पुसलं. "आता... ते दुसरं विचार."

"कुठलं?"

"छपराखालचं."

मार्नीनं डाव खाली ठेवला. "मी आवडते तुला?"

"हो."

आवाज तोच होता, काडीचाही फरक नव्हता. पण मार्नीनं टेबलावरून हात पुढे केला आणि त्याचा गार पडलेला हात धरला. मधे मसूर निवत होती.

"उपाशी आहेस," ती म्हणाली. "अंडी तळते. कशी हवीत?"

सोरेन विचारात पडला. असं त्याला बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.

"बलक ओला," तो म्हणाला. जरा थांबला, धीर गोळा केला. "आणि मिरपूड नको."

मार्नी उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ आली आणि तिनं त्याचं चुंबन घेतलं.