आठ ग्लास पाणी

"मॅडम, जरा उठता का... तुम्ही औसा तालुक्यावर बसलाय."

त्या कचेरीत जादा खुर्ची नव्हती, म्हणून मी भिंतीकडेच्या एका गठ्ठ्यावर टेकले होते. सकाळपासून चार टेबलं फिरून झाली होती आणि प्रत्येक टेबलानं मला पुढच्या टेबलाकडं पाठवलं होतं. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली तरी आमच्या गावांचे जुने आकडे अजून उस्मानाबादहून गठ्ठ्यांनी येत होते, आणि आलेले गठ्ठे सोडायला कुणाला फुरसत नव्हती. सत्याऐंशी सालचा मे महिना. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. मला उठायचंसुद्धा जिवावर आलं.

"बसू द्या ना," मी म्हटलं. "मला औसाच पाहिजे होता."

तो हसला. हातात सुतळीची गुंडी, बुशशर्टाच्या खिशाला शाईचा डाग, कपाळावर विभूतीची पुसट रेघ. "काय पाहिजे औशातलं?"

"बायका," मी म्हटलं, आणि लगेच सावरून घेतलं, "म्हणजे... किती आहेत, ते."

"एवढ्या उन्हात बायका मोजत फिरणाऱ्या डॉक्टरबाई पहिल्यांदाच बघायलोय," तो म्हणाला. माझ्या पिशवीतून स्टेथोस्कोपची नळी बाहेर डोकावत होती.

मग त्यानं आपली खुर्ची मला दिली आणि स्वतः औसा तालुक्यावर बसला. मल्लिकार्जुन हालकुडे, सांख्यिकी सहायक, राहणार उदगीर. म्हातारे शिपाई जिलानीचाचा न सांगता पाण्याचा ग्लास घेऊन आले. मी नको म्हटलं. त्यानं ग्लासाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

मी त्याला सगळं सांगितलं. माझं आरोग्य केंद्र औसा तालुक्यात, करडवाडीला. दुष्काळाचं हे तिसरं वर्ष. रोज दहा-बारा बायका यायच्या, लघवीला जळजळ, ताप, कंबर धरलेली. मी गोळ्या द्यायची, त्या बऱ्या व्हायच्या, आणि महिन्याभरानं त्याच बायका पुन्हा रांगेत. वर लिहिलं तर वरून उत्तर आलं, म्हणणं अभ्यासानिशी मांडावं. पुण्यातली एक समिती अशा अभ्यासाला वर्षभराची परवानगी आणि मदत द्यायची. प्रस्ताव एकतीस मेच्या आत पोचायला हवा होता.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. पिशवीत त्या प्रस्तावाच्या खालीच माझा बदलीचा अर्ज होता, नांदेडला, आईच्या घराजवळ. अभ्यास मंजूर झाला तर वर्षभर करडवाडी. नाही झाला तर अर्ज टाकून मोकळं व्हायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर मी थकले होते. गोळ्या देऊन थकले होते.

त्यानं माझं पहिलं पान वाचलं. "'मराठवाड्यातील दुष्काळग्रस्त स्त्रियांच्या आरोग्याचा सर्वांगीण अभ्यास.' मॅडम, हे किती जन्मांत उरकणार?"

"का? विषय महत्त्वाचा नाही?"

"विषय लई महत्त्वाचा हाय. पण प्रश्न कुठंय?" त्यानं पेन्सिलनं 'सर्वांगीण'वर हलकीशी रेघ मारली. "एकच विचारा. आणि असा विचारा, की उत्तर आपल्या मनाविरुद्धसुद्धा निघू शकेल. न्हाईतर तो अभ्यास न्हाई, भाषण हाय."

मला राग आला. आणि एसटीत बसल्यावर, का कोण जाणे, हसूही आलं.

मग दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी लातूरला जाऊ लागले. तो औशाचा गठ्ठा सोडून बसलेला असायचा. गावं किती, घरं किती, त्यांतली कोणती घ्यायची. मी म्हटलं, ओळखीची घेते, सोपं पडेल. तो म्हणाला, "ओळखीची घेतली तर ओळखीचंच उत्तर येईल." त्यानं चिठ्ठ्या केल्या, जिलानीचाचांच्या टोपीत टाकल्या आणि मला उचलायला लावल्या. बारा गावं निघाली. पहिल्याच चिठ्ठीवर करडवाडी आली तेव्हा त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की मी उगीचच पदर सारखा केला.

"तुम्ही ती चिठ्ठी मुद्दाम वर ठेवली होती," मी म्हटलं.

"पहिल्या दिवशी औशाच्याच गठ्ठ्यावर येऊन बसलात, तेही काय मीच ठरवलं होतं..." तो म्हणाला, आणि पुढची चिठ्ठी उलगडण्यात फार गुंतून गेला.

प्रश्नावली झाली. आधी घरीच ती चालवून बघावी लागते, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं मलाच समोर बसवलं, चष्मा चढवला आणि सरकारी आवाज काढला. "नाव?"

"शिवगंगा."

"वय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"रकाना हाय, मॅडम."

"सत्तावीस."

"दिवसाला पाणी किती ग्लास पिता?"

"आठ," मी म्हटलं. रोज तेच तर सांगायची मी सगळ्यांना, गोळीच्या पुडीबरोबर. दिवसाला आठ ग्लास पाणी प्या.

त्यानं आठचा आकडा मांडला. जरा जास्तच वेळ लावून मांडला.

पुढच्या रविवारी तो करडवाडीला आला. मी, तो आणि त्याची लाल वही. तीस घरं केली. बायका ओसरीवर येऊन नीट बसत, डोक्यावर पदर घेत, आणि उत्तरं देत. संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर उभ्या उभ्या त्यानं बेरीज केली आणि वही माझ्यापुढं धरली. तीसच्या तीस बायका. आठ ग्लास, आठ ग्लास, आठ ग्लास.

"मग जळजळ कशानं होते?" मी विचारलं. मला रडू येईल असं वाटत होतं. पाणी कमी म्हणून आजार, हाच तर माझा सगळा मुद्दा. तो गेला तर प्रस्तावात उरलं काय? आणि एकतीस तारखेला आठवडाच राहिला होता.

त्यानं वही मिटली. मग हळूच म्हणाला, "तुम्हीही आठच म्हणालात, मॅडम."

"म्हणजे?"

"तीन गुरुवार झाले. दुपारी बारा ते पाच. जिलानीचाचा दर खेपेला ग्लास आणतात. तुम्ही एक घोट... एकदासुद्धा घेतलेला न्हाई."

एसटी आली तेव्हा मी त्याला नीट निरोपही दिला नाही. माणसानं आपल्याकडं इतकं बारीक पाहावं, याचा राग आला होता. आणि त्याहून जास्त राग याचा आला, की तो खरं बोलत होता. मी पीत नव्हते. केंद्रात बायकांसाठी आडोसा नव्हता, एसटी स्टँडावरच्या संडासात पाय ठेवायची सोय नव्हती, त्याच्या कचेरीतल्या एकुलत्या एका संडासाला साहेबांचं कुलूप होतं. गुरुवारी सकाळपासून मी ओठ ओला करण्यापुरतंच पाणी घ्यायची. डॉक्टर असून. रोज दहा-बारा जणींना आठ ग्लास सांगून.

दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपल्यावर मी पार्वतीबाईंकडं गेले. साठीची बाई, तीन वेळा गोळ्या नेलेली. वही नेली नाही. त्या तूर निवडत होत्या, मीही सुपाशी बसले. थोड्या वेळानं म्हटलं, "पार्वतीबाई, मी रोज दोनच ग्लास पाणी पिते."

त्यांनी सुपावरून मान वर केली. "तुमी?"

"मी."

"मग आमाला आठ कशाला सांगता, बाई?" त्या हसल्या. "तुमी सांगितलं आठ, म्हणून वहीला आठ सांगितले. घरी आलेल्या पाहुण्याला कशाला नाराज करायचं. खरं म्हणाल तर मीबी दोनच. सुनाबी तशाच."

"टँकर पुरत नाही?"

"घरी हीर हाय की. थोडं असतं पाणी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पर जायाचं कुटं? दर साली तूर उभी ऱ्हायची, ज्वारी ऱ्हायची, आडोसा ऱ्हायचा. आता तीन साल शिवार उघडं पडलंय. बाभळीबी जळणाला गेल्या. दिस बुडस्तोर कळ काढायची. मंग पाणी पिऊन काय करू?"

मी तिथंच बसून राहिले. तीन वर्षं त्याच शिवारातून ये-जा करत होते मी. पीक बुडालं म्हणजे धान्य बुडालं, एवढंच माझ्या लेखी होतं. त्याबरोबर बायकांचा आडोसाही गेला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पाणी आहे त्या घरातली बाईसुद्धा तहान मारत होती. मी इतका मोठा विषय घेऊन बसले होते आणि प्रश्न माझ्याच अंगाशी होता.

गुरुवारची वाट न पाहता मी मंगळवारीच लातूर गाठलं. तो दचकून उठला.

"मी दोन ग्लास पिते," दारातूनच मी सांगितलं. "त्यासुद्धा. आणि विहीरवाल्यासुद्धा."

मग सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उजळत चालला होता. त्यानं कोरा कागद ओढला. "आता प्रश्न सांगा. एका वाक्यात."

"शिवारात उभं पीक नाही, आडोसा नाही, म्हणून बाई पाणी कमी पिते का, आणि त्यानं तिचा आजार वाढतो का?"

"उत्तर न्हाई निघालं तर?"

"तर नाही म्हणून लिहीन."

"हां..." तो म्हणाला. "आता झाला प्रस्ताव."

कॅनॉल झालेली सहा गावं घ्यायची, जिथं ऊस उभा होता. आणि कोरडी सहा. त्यासाठी चिठ्ठ्या पुन्हा टोपीत गेल्या आणि करडवाडी पुन्हा निघाली. विचारायला बाईच जाईल, वही नंतर भरायची. आधी परवानगी घ्यायची, नको म्हटलं तर उठून यायचं. आणि शेवटी, निष्कर्ष निघाल्यावर गावाला काय मिळणार, तेही लिहायचं. आडोशाच्या भिंती. तो लिहीत होता, मी सांगत होते, कार्बनच्या तीन प्रती निघत होत्या.

मध्येच जिलानीचाचा आले. ग्लास ठेवला, आणि ग्लासाशेजारी एक पितळी किल्ली.

"साहेबांची हाय," ते छताकडं बघत म्हणाले. "मल्लूसाब चार दिवस मागं लागले होते. म्हणले, कचेरीत लेडीज येतात, कुलूप कशाला? झाडून, पाणी भरून ठेवलंय, बेटी."

माझे कान तापले. मल्लिकार्जुन कार्बन सरळ करत होता, सरळ असलेला. आजवर कुणी मला फुलं दिली नव्हती, आणि त्या दिवसानंतर फुलांचं मला कधी अप्रूपही वाटलं नाही. मी ग्लास उचलला आणि सगळा प्याले. जिलानीचाचांनी दुसरा आणला. तोही प्याले.

शेवटचं पान वेळापत्रकाचं. ते तो घरी करून आणणार होता. अठ्ठावीस तारखेला आणलं. एक पान महिन्यांचं, आणि एका रकान्यात बारीक अक्षरात, 'दर रविवारी करडवाडी येथे आकडे तपासणे: म. सि. हालकुडे.'

"दर रविवारी?" मी विचारलं.

"हाव."

"लातूरहून सोपं आहे म्हणा."

तो खिडकीबाहेर बघू लागला. "लातूर न्हाई. किनवट. परवा ऑर्डर आलीय. एक तारखेला हजर व्हायचंय."

किनवट. रेल्वेनं नांदेड, नांदेडहून एसटीनं लातूर, तिथून औसा, मग करडवाडी. अख्खा दिवस जायला, अख्खा यायला. माझ्या पिशवीत प्रस्तावाखाली बदलीचा अर्ज होता, आणि नांदेडहून किनवट किती जवळ, हे मला लगेच सुचलं. अगदी लगेच. मग पार्वतीबाईंचं सूप आठवलं, आणि ते उघडं शिवार.

मी पेन्सिल उचलली. "हालकुडे, हे वहीला सांगितलेलं झालं. मला तोंडानं सांगा."

"काय सांगू?"

"आधी हे, की कशासाठी येणार."

जिलानीचाचा दाराबाहेर जाऊन उभे राहिले. तो कितीतरी वेळ बोटावरची शाई पुसत राहिला.

"आकड्यांसाठी यायची गरज न्हाई," तो शेवटी म्हणाला. "आकडे टपालानं येतात. तुमच्यासाठी येणार. मला तुम्ही आवडता, शिवगंगा. औशावर बसलात... तवापासून."

इतक्या वर्षांत मला कुणी इतकं साधं काही सांगितलं नव्हतं. "मलाही," मी म्हटलं. "पण राग आला होता, म्हणून उशिरा कळलं."

तो हसला. मी रकान्यावर बोट ठेवलं. "आता दुसरं. खरे रविवार किती?"

"सगळे."

"आठ ग्लास सांगू नका."

तो थांबला. मनातल्या मनात हिशेब करताना त्याचे ओठ हलायचे, तसे हलले. रजा, गाडी, सुटीचा दुसरा आणि चौथा शनिवार.

"दोन," तो म्हणाला. "महिन्याचे दोन. त्याहून जास्त न्हाई जमणार."

मी 'दर रविवारी' खोडलं आणि तिथं 'महिन्यातून दोन रविवार' लिहिलं. मग पिशवीतून बदलीचा अर्ज काढला, मधून दुमडला, आणि टपालाला जायच्या पाकिटाला पाठीशी कडक कागद हवा होता, तिथं घातला... नंतर विचार करून परत काढला आणि फाडला. पुण्याच्या समितीनं माझं नांदेड कशाला वाचायचं.

टेबलावर ग्लास होता. मी अर्धा प्याले आणि उरलेला त्याच्याकडं सरकवला.