आधी डावा कालवा

मी कालव्यात पडले नव्हते, उतरले होते — हे मी त्याला आजही ठणकावून सांगते. गाळ किती साचलाय ते बघायला उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले, एवढंच. तेवढ्यात काठावरून एक हात पुढे आला. लिंबाच्या पाल्याचा वास येणारा.

"मॅडम, गाळ मोजताय की मुक्काम ठोकताय?"

त्याची लिंबाची बाग या उजव्या कालव्याच्या अगदी शेवटी. आणि मी पाटबंधारे खात्यातली नवी इंजिनिअर. हंगामाचं पाणी सुटण्याआधी उजवा दुरुस्त करायचा की डावा, हे मला ठरवायचं होतं. माणसं आणि सिमेंट एकापुरतंच. दुसऱ्याला वर्षभर थांबणं भाग.

उजवा जागोजागी फुटलेला, बघवत नव्हता. डाव्याचे काठ मात्र हिरवेगार. साहेब म्हणाले उजवा, मीही मान डोलावली. खरं सांगू? तो रोज सोबत चालायचा, हसायचा... आणि मला उजवा जरा जास्तच फुटका दिसायचा. पाहणी कालव्याची चाललीय की आणखी कुणाची, असा टोमणा मी जिच्या घरी राहत होते त्या आत्यानं मारलाच.

एकदा डाव्या काठाच्या हिरवळीवर आम्ही गप्पा मारत बसलो. उठलो तर दोघांचेही कपडे मागून ओलेचिंब! तो पोट धरून हसत सुटला. मी मात्र खाली वाकून गवताखालची माती चाचपली. काठ हिरवे होते, कारण कालवा आतून झिरपत होता. निम्मं पाणी वाटेतच मुरत होतं, शेवटच्या शेतांना थेंब मिळत नव्हता. आणि मी खुळी, हिरवं बघून त्याला धडधाकट समजले होते.

"डावा आधी घ्यावा लागेल," मी कशीबशी म्हणाले.

त्याचं हसू मावळलं. "आणि माझी झाडं?"

"डाव्याची गळती थांबली, की वाचलेलं पाणी उजव्यात सोडता येईल. पोचेल... बहुतेक."

त्यानं काठावरचं ओलं गवत उपटून मुठीत पिळलं. मग हळूच म्हणाला, "उद्याच्या बैठकीत 'बहुतेक' म्हणू नका. लोक फाडून खातील."

बैठकीत उजवीकडचे लोक माझ्यावर तुटूनच पडले. तेव्हा हाच उभा राहिला. माझी बाग सगळ्यांत शेवटची, तरी मी थांबायला तयार आहे, म्हणाला. साहेबांनी डाव्यावर सही केली, आणि मला रडू आवरेना.

पाणी सुटलं. डाव्याच्या टोकाला पोचलं तेव्हा माणसं चपला काढून त्यात नाचली. मग आम्ही उजव्याचं दार उचललं आणि पाण्याच्या बरोबरीनं काठाकाठानं चालत निघालो. फुटक्या जागी ते रेंगाळायचं, माझा जीव टांगणीला लागायचा... पण ते थांबलं नाही. शेवटच्या लिंबाच्या बुंध्याशी गेलं, माती गडद झाली, आणि त्यानं सगळ्यांदेखत माझा हात धरला.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "म्हणूनच तुमचा कालवा मला जास्त फुटका दिसायचा."

"आता तरी माझा नंबर लागेल ना?"

"पहिला," मी म्हणाले.