यालुमचा रातकिडा

डोळे मिटा. मिटलेत? आता एक जंगल आणा डोळ्यांपुढे. दुपारचे तीन वाजलेत, पाऊस नुकताच उघडलाय, पानांवरून पाणी अजून टपटपतंय. तुम्ही रताळ्याच्या मळ्यात उकिडवे बसला आहात, हातात खणायची काठी. हलू नका... ऐका. टिर्र – टिक, टिक. टिर्र – टिक, टिक.

हा आमच्या बेरम गावच्या डोंगरातला रातकिडा. म्हणायचा रातकिडा, पण गातो भर दुपारी.

आणि आता वरच्या निसरड्या वाटेवरून एक उंच तरुण बसल्या बसल्या घसरत येतो, आणि थेट तुमच्या वाफ्यात येऊन थांबतो. दोन्ही हातांनी छातीशी काचेची बरणी धरलेली.

तुम्ही हसाल. मीही हसले होते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, गावच्या शाळेत शिकवत होते.

"लागलं का हो?"

"मला ना? माहीत नाही... बरणी शाबूत आहे."

"रिकामीच तर आहे!"

"दोन आठवडे रिकामीच आहे, बाई," तो म्हणाला, आणि असा केविलवाणा हसला, की वाफा मोडल्याचा माझा राग तिथेच विरला.

त्याचं नाव आम्ब्रोस पोलिन. मानुस बेटावरचा, समुद्रावर वाढलेला. डोंगरात त्याचा पायच ठरत नसे. मडांग शहरातल्या कीटक-केंद्रात कामाला होता. आमच्या डोंगरातला हा आवाज त्याने यंत्रावर टिपून नेला, तर तो माहितीतल्या एकाही किड्याशी जुळेना. पण किडा हाती लागल्याशिवाय जात नवीन आहे असं कोण मानणार?

"जवळ गेलं की गप्पच होतो," आम्ब्रोस रडकुंडीला येऊन म्हणाला.

मी त्याला घरी नेलं. माझ्या बाबांचं नाव यालुम. तेव्हाच त्यांना अंधुक दिसू लागलं होतं. सुपारी चघळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरा, तो गातोय तोवर तू लांब आहेस. गप्प झाला की पाय थांबव. तिथेच हात घाल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. गाणं थांबलं, आम्ब्रोस थांबला, आणि रानआल्याच्या वाळक्या गुंडाळलेल्या पानात त्याने हात घातला. तपकिरी अंग, गुडघ्यांवर पिवळे ठिपके! आम्ब्रोस तिथेच चिखलात बसला.

"काका," तो वर बघत म्हणाला, "याला तुमचंच नाव देणार मी."

आठवडाभरात बाबांनी ही बातमी नदीकाठच्या चार गावांत पोचवली.

नवीन जातीचं वर्णन लिहिणं म्हणजे काय, ते मी आमच्या ओसरीवर शिकले. दर महिन्याला आम्ब्रोस भिंग घेऊन यायचा. पाय मोजायचे, मिशा मोजायच्या, नराच्या पंखाखाली कंगव्यासारखे बारीक दाते असतात ते मोजायचे. एक पंख त्या दात्यांवरून घासला, की गाणं होतं.

"एकशे त्रेचाळीस," मी म्हणाले.

"एकशे एकेचाळीस, बाई."

"तुम्ही मध्येच वर बघितलंत."

"मी? नाही... म्हणजे – तुमच्या केसातलं फूल पडत होतं."

"फूल मोजायचं नाही. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजले. एकशे त्रेचाळीसच होते. त्याचे कान लाल झाले.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "दोरिका, हा पोरगा माझ्याशी केवढा बोलतो! आणि तू चहा घेऊन आलीस की गप्प."

"मग?"

"मग काही नाही. गप्प झाला की काय करायचं, ते मी शिकवलंय," बाबा गालात हसले.

वर्णन पूर्ण झालं. आम्ब्रोसने कागद माझ्या हातात ठेवले. मी आधी शेवटचं पान काढलं. बाबांनी किडा कसा शोधायला शिकवला ते तिथे लिहिलं होतं, त्यांचे आभार मानले होते. दाते मोजणाऱ्या बाईंचेही. ते दोनदा वाचलं, मग पहिलं पान पाहिलं. नावाची जागा कोरी.

"हे काय? चार गावं वाट बघताहेत! बाबा रोज विचारतात. एकदा छापलं की बदलता येत नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"म्हणूनच..." तो खाली बघत म्हणाला. "हे नाव मला जन्मभर घ्यावं लागेल. सभेत, शाळेत, सगळीकडे."

"मग घ्या की!"

"घेता येणार नाही – जर..."

तो गप्प झाला. बाहेर पाऊस उघडला होता.

आणि माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे जावयाने सासऱ्याचं नाव तोंडात आणायचं नसतं. चुकून निघालं, तरी डुक्कर कापून गावाला जेवण घालावं लागतं. मानुसलाही तीच रीत. बाबांना दिलेला शब्द पाळावा, तर त्याला मला मागणी घालता येत नव्हती. मागणी घालावी, तर स्वतःच शोधलेल्या किड्याचं नाव जन्मभर घेता येणार नव्हतं.

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या जागेत बाबांचं नाव, शास्त्राच्या रीतीने शेवटी 'ई' लावून, लिहिलं.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... नाही?"

"लिहायला बंदी नाही," मी म्हणाले. "बोलायचं काम माझ्याकडे. आणि बाई म्हणणं आता पुरे."

"दोरिका," तो म्हणाला. एवढंच. पण पहिल्यांदाच.

आता सात वर्षं पुढे या. शाळेत सभा भरली आहे. बाबा पहिल्या बाकावर आहेत. त्यांची नजर आता पुरती गेली आहे. भिंतीवर किड्याचं मोठं चित्र. शहरातले पाहुणे आम्ब्रोसला म्हणाले, "साहेब, मुलांना नाव सांगा की!"

आम्ब्रोसने तोंड उघडलं... मिटलं. सगळं गाव ओठ दाबून हसू लागलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला उठले, पण बाबा पाठ ताठ करून बसलेले दिसले आणि मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

तेवढ्यात आमची पाच वर्षांची नेल्मा बाकावर चढली. "यालुमी!" ती ओरडली. "माझ्या आजोबांचं नाव आहे!"

खिडकीबाहेर रानआल्यात टिर्र – टिक, टिक चाललं होतं, ते एकदम थांबलं.

नेल्माने कान टवकारले. टाळ्या वाजत होत्या, त्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बाकावरून उतरली, दारातून बाहेर गेली, रानआल्याशी पाय थांबवून उभी राहिली आणि हात आत घातला. मग हलकी मूठ सांभाळत परत आली आणि ती आजोबांच्या कानाशी धरली.