मागची डावी सीट

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या गाडीत घडली आहे. अजून घडते आहे. पटली तर वाचा, नाही पटली तर सोडून द्या. कुणाला पटवायची ताकद आता माझ्यात नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. माझ्याकडे रात्र नाही. जे झालं ते गेल्या डिसेंबरच्या अठरा तारखेला, भर दुपारी, फुलंब्री ते हसनाबाद या रस्त्यावर झालं.

माझं नाव सोमेश्वर. जालन्यात माझं बी-बियाणांचं दुकान आहे, राहायला आम्ही हसनाबादला. रोजचं जाणं-येणं. दोन वर्षांपूर्वी मोठी, काळी, सात सीटची गाडी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नाही.

वडील या गाडीवर खूश होते. नाव तातेराव, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांची जागा ठरलेली, मागची डावी सीट. पाठ थोडी मागं पाडायची, आणि त्यांच्या बाजूची एसीची जाळी बंद करायची. वारं सहन होत नव्हतं त्यांना. एवढी थंडगार गाडी घेतली आणि हा माणूस कानाला मफलर गुंडाळून बसायचा.

दादा गेले. तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला म्हणून मी एकटाच गाडी घेऊन निघालो.

गावाबाहेर पडलो आणि...

टिंग. टिंग. टिंग.

मागच्या सीटवरच्या माणसाने बेल्ट लावला नाही, की ही गाडी अशी वाजते. समोरच्या पडद्यावर लाल चिन्ह. मागची डावी सीट.

वळून बघितलं. सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, डबा नाही.

गाडी बाजूला घेतली, उतरलो, रिकाम्या सीटचा बेल्ट खटक्यात अडकवला आणि पुढं गेलो. आवाज बंद झाला. मला भीती वाटली नाही. त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. घास गिळला तरी चव लागत नव्हती. मी रडलोही नव्हतो.

आठवड्याने दुसरी तक्रार सुरू झाली. सकाळी मी मागच्या सीटची पाठ सरळ करायचो. संध्याकाळी बघावं तर... पडलेली. नेमकी तेवढीच.

मग एसी. मी स्वतः उघडलेली जाळी जालन्याला पोचेपर्यंत मिटलेली असायची.

मग गाडी डावीकडं दबायला लागली. उभी असली की दिसायचं, मागचा डावा कोपरा दोन बोटं खाली. बायको वंदना म्हणाली, "अहो, हवा कमी हाय का बघा." हवा बरोबर होती.

शेवटी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या जिनेंद्रने गाडी ठेवून घेतली. ओळखीतला पोरगा, तक्रारी लिहून घ्यायचं काम त्याचं. आमच्या बोलीत जसं सांगाल तसंच लिहितो. त्याने लिहिलं : बेल्ट बिनकामाचा वाजतो. सीट आपोआप पडते. एसीची जाळी बंद होते. गाडी डावीकडं बसते.

पाच दिवस गाडी त्यांच्याकडं होती. सीटखालचा सेन्सर बदलला, मागचे शॉकअप बदलले. फोन आला, या.

मी गेलो तर जिनेंद्र चावी देईना. बसा म्हणाला.

"भाऊ, सामान तर सगळं बदललं. पर एक गोष्ट समजून न्हाई राह्यली."

"काय?"

"मशीन लावली गाडीला. सीटवर कवा कोन बसलं, कवा उठलं, त्याची नोंद ऱ्हाती त्यात. ही मागची डावी सीट..." त्याने बाहेर गाडीकडं बघितलं. "अठरा डिसेंबरला दोन वाजून बावन्न मिन्टाला कोनीतरी बसलं. तिथून पुढं ही सीट रिकामी झालीच न्हाई."

"सेन्सर खराब आसंल."

"सेन्सर नवा हाय, भाऊ. आजबी तेच दाखवून राह्यलाय."

मी चावी घेतली. सही केली. दोन बावन्न म्हणजे काय ते मला माहीत होतं.

आता ते सांगतो. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

अठरा तारखेला संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. दादांना ते कळलं. माझा हात धरून एवढंच म्हणाले, "मला घरात ने सोमा. ओट्यावर नको."

आमच्याकडं माणूस घराबाहेर वारला, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. ओट्यावर ठेवतात, तिथूनच नेतात. आणि जिथं जीव गेला, त्या जागेवर घरच्या माणसाने जाऊन हाक मारायची असते. गेलेल्याला सांगायचं असतं की तुम्ही गेलात, आता घरी चला. नाही सांगितलं तर तो तिथंच वाट बघत राहतो, असं म्हणतात.

दादांना त्यांच्या जागेवर बसवलं, तेव्हा गाडीच्या घड्याळात दोन बावन्न झाले होते. बेल्ट मीच लावला. शेजारी, उजवीकडं आई. तिने त्यांचा हात मांडीवर घेतला. मी गाडी काढली.

फुलंब्री मागं पडली. कपाशीची वावरं दोन्ही बाजूला. आई त्यांच्याशी बोलत होती, कुणाची तूर कशी आली वगैरे. मी आरशात बघितलं...

दादांचे डोळे उघडे होते. नजर कुठंच नव्हती.

मला कळलं. एका क्षणात कळलं.

आई बोलतच होती.

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर तिला सांगावं लागलं असतं. मग दादा ओट्यावर राहिले असते. वीस किलोमीटर मी तसाच चालवत राहिलो, मध्येच मोठ्याने म्हणायचो, "दादा, आलंच घर."

घरी पोचलो. दादांचा धाकटा भाऊ, कारभारीकाका, दारातच होता.

"जीव हाय ना?"

"हाय," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत नेलं, त्यांच्या बाजेवर ठेवलं. आईने चमच्याने गंगाजल पाजलं. ते ओठाच्या कडेने खाली आलं. मी रुमालाने पुसलं, कुणी बघायच्या आत. आई म्हणाली, "घेतलं त्यांनी." मग मी दहा मिनिटं थांबलो आणि म्हणालो, "गेले."

सगळ्या गावाने मानलं की तातेराव घरात गेले, बायकोच्या हातचं पाणी पिऊन गेले. आई त्याच एका गोष्टीवर उभी होती. येईल त्याला सांगायची, माझ्या हातचं पाणी घेतलं त्यांनी.

म्हणून गाडीपाशी जाऊन कुणी हाक मारली नाही. कशी मारणार? आणि मी मारली असती, तर आईचं ते पाणी खोटं ठरलं असतं.

मी तसाच रोज जालन्याला जात-येत राहिलो. बेल्ट लावलेला. कोपरा दबलेला. आरशात बघायचं मी सोडून दिलं.

ऑक्टोबरात आईला जाफराबादला न्यायचं होतं, तिच्या बहिणीकडं. ती मागं बसली, उजवीकडं. भोकरदन गेल्यावर सहज लक्ष गेलं तर...

तिचा हात डाव्या सीटवर होता. तळवा वर करून. कुणाचा तरी हात त्यात असावा तसा.

मग ती पुढं वाकली आणि तिकडची एसीची जाळी बंद केली. "वारं लागून राह्यलंय त्यांना," म्हणाली.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वळून बघायची हिंमत झाली नाही. समोरच बघत म्हणालो, "आई, दादा घरात न्हाई गेले."

"मला ठावं हाय."

बाजूने एक जीप गेली. धूळ उडाली, खाली बसली.

"फुलंब्रीच्या म्होरंच हात गार पडल्ता," आई म्हणाली. "तू आरशात बघून राह्यला व्हतास. तुझं तोंड बघितलं मी. म्हणलं, लेकराच्या हातात गाडी हाय, आता काही बोलू नये. मंग बोलत बसले त्यांच्याशीच."

"आन् पाणी?"

"ते लोकायसाठी पाजलं. आन् तुझ्यासाठी. तुला वाटलं पायजे ना का मला काही समजलं न्हाई."

दहा महिने आम्ही एकमेकांना सांभाळत होतो. त्यात दादा गाडीतच राहिले.

"मंग तू हाक मार त्यांला," मी म्हणालो. "तू मारली तर येतील."

"मारली. तू दुकानातून आला का रोज संध्याकाळी जाते मी गाडीपाशी. उतरत न्हाईत." तिचा आवाज एकदम साधा होता, दळण आणायचं सांगावं तसा. "त्या दिवशी मीच त्यांच्या कानात बोलले व्हते. बसून ऱ्हा, सोमा सांगंल तवाच उतरा. जल्मात कवा माझं ऐकलं न्हाई त्या माणसानं. हेच ऐकलं."

मग म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या आत तू सांग त्यांला. तुलाच सांगावं लागंल."

सांगायचं काय, तर दोन वाक्यं. दादा, तुम्ही गेलात. घरी चला. पण मी ती कधीच म्हटली नव्हती. मनातसुद्धा नाही. तेराव्यालाही लोक बोलत होते, मी नुसता उभा होतो.

मागच्या गुरुवारी सकाळी आठ वाजता गाडी अंगणात लावली. आई आत उंबऱ्यापाशी थांबली. मी मागचं डावं दार उघडलं.

ऊन थेट सीटवर पडलं होतं. सीट रिकामी. मफलरला यायचा तो वास, कापराचा.

"दादा," मी म्हणालो.

आणि...

खटकन बेल्ट सुटला. पट्टा हळूहळू मागं सरकला, कुणीतरी हाताने धरून सोडावा तसा. पडलेली पाठ सरळ झाली. गाडी किंचित माझ्या बाजूला कलली. उतरताना म्हातारा माणूस दाराच्या कडेवर भार देतो, तशी.

ते उतरत होते.

आता पुढचं वाक्य म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं की ते घरात गेले असते, आणि संपलं असतं. दादा खरोखर मेले असते. ते मला सहन झालं नाही. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ते हे.

मी दार लावून टाकलं.

आत थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग... पाठ पुन्हा मागं पडल्याची किरकिर. मुकाट्याने.

मी घराकडं वळलो. आई दारात उभी होती. तिने डोळ्यांनीच विचारलं.

"उतरले," मी म्हणालो.

आई रडली. खूप दिवसांनी, मोकळं रडली. दादांची बाज तिने झाडून घेतली, धुतलेली गोधडी घातली. वंदनाला म्हणाली, आज मला झोप येईल.

तेव्हापासून आई रोज चहाच्या वेळी बाजेपाशी बसते. एक कप ठेवते आणि बोलते. तुरीचं, माणसांचं, सोयाबीनच्या भावाचं. मी पुढच्या खोलीत ऐकत असतो. तिला कसं सांगू की तिथं कुणी नाही? मी जालन्याहून येतो तेव्हा दादा माझ्या मागंच बसलेले असतात.

काल आई बोलता बोलता थांबली. तिने काहीतरी विचारलं होतं, मला नीट ऐकू आलं नाही.

आतून पुरुषाच्या आवाजात उत्तर आलं... "हं."

मी तसाच अंगणात गेलो. गाडीचं बटण दाबलं, पडदा लागला. मागची डावी सीट भरलेली दाखवत होता. वळून हात लावला, सीट ऊबदार होती.

दादा गाडीत होते.

घरात आई हसली आणि बाजेवर जो कुणी होता, त्याला तिने अजून चहा ओतला.