बेरीज ब्याण्णव

आमच्या प्रयोगशाळेत मशीनवर कोणी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. रोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांबरोबर दोन जुने नमुने लावायचे, ज्यांचे आकडे आधीच माहीत आहेत. एक आजारी फुप्फुसाचा, एक निरोगी. आकडे कालच्यासारखेच आले तर मशीन शहाणं. नाही तर सगळ्या नमुन्यांची ती प्लेट फेकायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

आम्ही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुप्फुसांचं धुवण तपासतो. नळीतून थोडं मिठाचं पाणी आत सोडतात आणि परत ओढून घेतात, ते धुवण. जंतूंवर तुटून पडलेल्या पांढऱ्या पेशी एक एन्झाइम सोडतात. ते जंतूंना कापतं, आणि आवरणारं कोणी नसेल तर फुप्फुसालाही कापत सुटतं. आवरणारं द्रव्य शरीरातच असतं, त्याला आम्ही रोधक म्हणतो. रोधक पुरला तर माणूस उठून घरी जातो. मी मोजतो ते मोकाट सुटलेलं एन्झाइम.

निरोगी नमुना माझाच. विभागाला धडधाकट माणूस हवा होता आणि मी पुढे झालो. हात दाखवून अवलक्षण. आकडा दोन. आजारी नमुन्यावर नाव नाही, नुसता रुग्णक्रमांक 'एक्केचाळीस' लिहिलाय. आकडा नव्वद. तो माझ्या बायकोचा आहे, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

खालच्या दाराची किल्ली ती मुद्दाम विसरायची. रस्त्यावरून शिट्टी मारायची, आधी खालचा सूर, मग वरचा. मी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून तशीच शिट्टी मारायची आणि किल्ली टाकायची. ती एका हाताने झेलायची. तेवीस वर्षांत एकदाही झेल सुटला नाही. "तुझ्या मशीनपेक्षा माझा नेम बरा," म्हणायची.

ती न्यूमोनियाने आमच्याच इस्पितळाच्या वॉर्डात होती तेव्हा तिचा नमुना माझ्याकडेच आला. आकडा आला नव्वद. इतका कधी येत नाही. मशीन चुकलं म्हणून मी सवयीप्रमाणे प्लेट फेकली आणि पुन्हा लावली. चार तास गेले. पुन्हा नव्वद. मी धावत वॉर्डात पोचलो, तेव्हा पलंगावर कोरी चादर होती.

"फार वाट बघितली हो तुमची," नर्स म्हणाली. "मास्क काढून सारखे ओठ मुडपत होत्या. काहीतरी सांगायचं असेल."

सांगायचं काही नव्हतं. ती शिट्टी मारत होती. ते चार तास मला आजही कोणी परत दिले, तर मी त्यांच्यासाठी काहीही देईन.

याला आठ महिने झाले. गेल्या सोमवारी एक्केचाळीसचा आकडा आला ब्याऐंशी. माझा दहा. मी प्लेट फेकली, पुन्हा लावली. तेच. मंगळवारी एकाहत्तर आणि एकवीस. बुधवारी मी डबे, तारखा, फ्रीजरचं तापमान सगळं पडताळलं. उणे ऐंशी, तसूभर फरक नाही. आकडे आले पन्नास आणि बेचाळीस.

मी कागदावर बेरजा केल्या. रोज ब्याण्णव.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी तो कागद दोनदा तपासला.

"गोठलेला नमुना बरा होतो का रे कधी?"

"नाही."

"आणि निरोगी नमुना आजारी पडतो?"

मी काही म्हणणार तोच मला खोकला आला. त्यांनी चष्मा काढला.

"हा कधीपासून?"

"धूळ असेल."

"दोन्ही नमुने आजच टाकून दे. उद्यापासून नवे लावू. आणि छातीचा फोटो काढून घे, ऐकलंस?"

मी मान डोलावली. मग दोन्ही नळ्या होत्या तिथे ठेवून दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी मॅडमशी खोटं बोललो, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. ती बरी होत होती. माझ्यातलं थोडं थोडं घेऊन का होईना, पण बरी होत होती. ते मी माझ्या हाताने कचऱ्यात कसं टाकणार होतो?

गुरुवारी एकोणीस आणि त्र्याहत्तर.

शुक्रवारी प्रत्येक नळीत शेवटचा थेंब उरला होता. मॅडम बैठकीला गेल्यावर मी तो लावला. अंगात ताप होता.

एक्केचाळीस: दोन.

मी: नव्वद.

या वेळी मी प्लेट पुन्हा लावली नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भर दुपारी घरी आलो. चार मजल्यांत सहा वेळा थांबलो. प्रत्येक श्वासाला बरगडीखाली टोचत होतं. खिडकी उघडली आणि खुर्ची ओढून बसलो.

वाट बघणं मी तिला शिकवलं होतं. आता माझी पाळी होती.

उन्हात रस्ता रिकामा होता.

मग खालून शिट्टी आली. आधी खालचा सूर, मग वरचा.

मी वाकून पाहिलं. कोणी दिसलं नाही.

मी ओठ मुडपले. नुसती हवा निघाली.

पुन्हा शिट्टी आली, थोडी अधीर.

मी किल्ली खिडकीबाहेर टाकली आणि फरशीवर पडल्याचा आवाज ऐकायला कान लावून बसलो.

आवाज आला नाही.