क्लच नसलेली गाडी

हंबीररावांच्या उचगावच्या यार्डात नवा ट्रक आला, नारळ फुटला, पेढे वाटले आणि रूपालीचं डोकं सणकलं. कारण मालकांनी किल्ली तिच्याच हातात ठेवली.

"घे. ऑटोमॅटिक हाय. क्लच न्हाय, गिअर न्हाय. बाईमाणसाला बरी."

नऊ वर्षं तिनं भरलेला दहा चाकी ट्रक घाटातून वरखाली नेला होता, आणि आता म्हणे बाईमाणसाला बरी!

"मला नको. माझी गिअरचीच द्या."

मालकही हेकट. "एक फेरी कर. साखर घेऊन फोंडा घाट उतर. धड परत आलीस तर म्हणशील ती गाडी देतो. न्हाय जमलं तर किल्ली ठेवायची आणि घरी बसायचं."

"देताय न्हवं? मग बघाच."

सकाळी आठला ती निघाली. राधानगरीपर्यंत गाडी अगदी गुणाची, आणि तेच रूपालीला सोसेना. चढ आला की गाडी आपल्या मनानं गिअर पाडायची, चालवणारीला विचारायचंसुद्धा नाही. डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि रिकाम्या पत्र्यावर आपटायचा.

"गप की रं मुडद्या," ती पायालाच म्हणाली.

धरण मागं पडलं आणि पाय आपटायचा थांबला. पायाखाली काहीतरी आलं होतं.

तिनं दाबलं. ते खाली गेलं, स्प्रिंगवर, सवयीच्या क्लचसारखं. इंजिन सुटं होऊन घोंगावलं.

दाजीपूरला तिनं गाडी बाजूला घेतली आणि खाली वाकून पाहिलं. काळं मॅट, सपाट. मॅट उचललं तर साधा पत्रा. हात फिरवला. तळपायाएवढी जागा कोमट होती, बाकी पत्रा गार. तिनं शोरूमच्या प्रसेनजीतला फोन लावला.

"ह्या गाडीला क्लचचं पेडल कुठं हाय का?"

"न्हाय ताई. का?"

"मग माझ्या पायाला काय लागतंय?"

"गाडी परत आणता का?"

परत न्यायची म्हणजे किल्ली ठेवायची. "न्हाय," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

घाटातल्या तिसऱ्या वळणावर समोरच्या पडद्यावरचा गिअरचा आकडा गेला आणि तिथं एन आला. न्यूट्रल. तिनं कशालाही हात लावला नव्हता. पंधरा टन साखर मागून ढकलू लागली. दुसऱ्यांदा ब्रेक दाबला तेव्हा करपट वास आला. तिनं गिअरचं बटण फिरवलं, पुन्हा फिरवलं. एनच. समोरून एसटी चढत येत होती.

रूपाली घाबरली. मग तिला राग आला, डोळ्यांत पाणी आणणारा.

"गाडी मीच चालवणार," ती मोठ्यानं म्हणाली.

डावा पाय दाबला. पेडल होतं.

डावा हात खाली गेला. तिथं नुसती हवा असायला हवी होती.

मुठीत दांडा आला.

दुसरा गिअर.

गाडी कण्हली आणि सावरली. एसटी हातभर अंतरावरून निघून गेली. तिनं मूठ उघडली तेव्हा हातात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती यार्डात परतली. गाडीवर एक ओरखडा नव्हता. तिनं सगळं सांगितलं, त्यावर हंबीरराव पोट धरून हसले, पण शब्दाला जागले.

"घे तुझी गिअरची. ही जोतीरामला देतो."

जोतीराम यार्डातला जुना ड्रायव्हर. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्यापासून खाली गेला आणि तेव्हापासून, पाच वर्षं, तो गेटवर खुर्ची टाकून बसत होता.

"अण्णा, त्या गाडीत नका बसू," रूपाली म्हणाली.

"तुला तुझी मिळाली न्हवं? मग मला का अडवतीस?"

जोतीरामनं गाडी घेऊन यार्डात दोन चकरा मारल्या आणि काठी टेकत तो खाली उतरला. पाच वर्षांत त्याला इतकं खूश कुणी पाहिलं नव्हतं.

"एक नंबर गाडी हाय. क्लच तेवढा कडक हाय बघ."

आणि वाकून तो पायजम्याची डावी, रिकामी नळी चोळत राहिला, पोटरी भरून आल्यासारखी.