खाली कुणी नाही ना?

गोळ्यांची एक पट्टी पोचवायची, एवढंच काम होतं. तेही घरी जायच्या वाटेवरचं. माझा मित्र तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरला उभा होता. तुमचं काहीही दुखू दे, हा म्हणणार, "आधी अर्धीच घेऊन बघा." म्हणून सगळे त्याला अर्धीगोळीच म्हणायचे. बायकोसुद्धा. तर पोरांनो, हे त्याच्याबाबतीत घडलेलं आहे. मला त्यानं एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून चहा टाकायला गेला.

बारा फेब्रुवारी, बुधवार. रात्री साडेनऊला दुकान बंद करून तो निघाला. खिशात मेक्लिझिनची पट्टी. गाडी लागते, मळमळतं, चक्कर येते, त्यावरचं हे औषध. साधंच. पण झोप आणतं, तोंडाला कोरड पाडतं. आणि म्हणूनच त्याच्या डोक्यात किडा वळवळत होता.

गोळ्या होत्या एका म्हाताऱ्या क्रेनवाल्यासाठी. चाळीस वर्षं गोदीवर क्रेन चालवलेला माणूस. पाच मजले उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून डबा खायचा, कधी डोकं म्हणून फिरलं नाही. आता तळमजल्यावरच्या पलंगावर पडल्या पडल्या चक्कर येते म्हणे! डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी लिहून दिलेली. सून मात्र तीन दिवसांत दहाची पट्टी संपवायची आणि दुसरी मागायची. मुलगा नोकरीला परगावी. घरात म्हातारा आणि सून, दोघंच.

"तूच सांग, कुणाच्या पोटात जात असतील?" अर्धीगोळी मला म्हणाला होता. त्याची खात्रीच झाली होती, की सून म्हाताऱ्याला गुंगीत ठेवतेय.

सुनेनं दार उघडलं ते निम्मंच. पट्टीसाठी हात पुढे केला.

"बाबांना जरा बघतो," हा म्हणाला.

"झोपलेत ते."

"मग झोपलेले बघतो."

नाइलाजानं ती बाजूला झाली. आत म्हातारा टक्क जागा. नजर स्वच्छ, बोलणं ठणठणीत. यानं जीभ दाखवायला सांगितली. ओली होती. गुंगीचं नाव नाही.

मग यानं वळून बघितलं. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी. पापण्या जड झालेल्या. सारखी ओठांवरून जीभ फिरवत होती.

"गोळ्या तू घेतेस," तो म्हणाला.

ती मटकन खाली बसली. "एकीनं भागत नाही हो काका."

"तुला कसली चक्कर येते?"

"मला नाही येत. घर हलतं. रोज रात्री दोनला. यांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, तू जरा माहेरी जाऊन आराम कर. बाबांना या घरात एकटं टाकून जाऊ?"

अर्धीगोळीनं बायकोला फोन केला, यायला उशीर होईल म्हणून. पट्टी परत स्वतःच्या खिशात घातली आणि खुर्ची ओढून बसला. थाप मारण्यात ही पोरगी तरबेज दिसतेय, असं तेव्हाही त्याच्या मनात होतंच.

बारा वाजले. एक वाजला. म्हातारा छताकडे बघत होता.

दोनला पाच कमी असताना स्टुलावरच्या पेल्यातलं पाणी एका कडेला चढलं. आवाज नाही, काही नाही. मग खुंटीवरचा टॉवेल भिंतीपासून सुटा झाला… आणि हळूच परत भिंतीला टेकला. पुन्हा सुटा झाला. यानं खुर्चीचे हात घट्ट धरले.

म्हातारा उठून बसला होता. दोन्ही मुठी पुढे. क्रेनचे न दिसणारे दोन दांडे धरल्यासारख्या.

खालून शिट्टी वाजली.

रस्त्यावरून नाही. खालून. फरशीच्या खालून… लांबून.

"उतरव म्हणतोय," म्हातारा म्हणाला.

"मग उतरवा ना बाबा!" सून रडत होती. "एकदाचं उतरवा!"

"नाही. तेव्हा गोदीवरही अशीच वाजली होती. मी क्रेनला लटकलेली पेटी उतरवली. खालून इशारा देणारा शिट्टीवाला नंतर शपथेवर म्हणाला, मी वाजवलीच नव्हती… पेटीखाली माणूस निघाला."

पुन्हा शिट्टी.

"ही त्याची नाही. मला ओळखू येते. रोज फसवायला बघते." म्हाताऱ्याचे दंड थरथरत होते. "रोज धरून ठेवतो मी. आता हात राहिलेत. तू बघ. खिडकीतून खाली बघ आणि सांग. खाली कुणी नाही ना?"

हा भिंत धरत धरत खिडकीशी गेला. येणाजाणाऱ्याच्या खांद्याला लागेल एवढ्या उंचीची खिडकी ती. कडी काढली. गार वारा आला. खालून वर. सरळ तोंडावर.

यानं गज पकडले. मान वाकवली…

आणि डोळे मिटून घेतले.

हे त्यानं फक्त मला सांगितलंय. सुनेला नाही, म्हाताऱ्याला नाही. डोळे उघडायचा प्रयत्न केला, म्हणाला. उघडवेनातच.

"आहे का कुणी?"

"नाही."

"नक्की?"

"…नक्की."

म्हाताऱ्यानं मुठी अगदी सावकाश मागे घेतल्या. खोली हळूहळू खाली गेली. मग एक हलकासा दणका. कपबश्या किणकिणल्या. पेल्यातलं पाणी सपाट झालं.

शिट्टी थांबली.

म्हातारा आडवा झाला आणि घोरायलाच लागला. पुढं दोन वर्षं जगला, एकही गोळी न घेता. घर पुन्हा कधी हललं नाही. सून अजून भेटली की म्हणते, "काका, तुम्ही होतात म्हणून सुटलो." हा मान खाली घालतो.

त्या दिवशी उजाडताना तो बाहेर पडला. डोकं हलकं झालं होतं. उगाच संशय घेतला त्या पोरीवर, असं स्वतःशी म्हणत तो घराला वळसा घालून निघाला. खिडकीखाली आला आणि थांबला.

घर जुनं. जोत्याचे दगड जमिनीत रुतलेले, त्यांच्या फटीत नख शिरणार नाही. त्या दगडाखालून वीतभर कापड बाहेर आलं होतं. शर्टाची बाही. निळी, नवी, इस्त्रीची. यानं ओढून पाहिली. आली नाही.

मनगटाचं बटण लावलेलं होतं.